ग्लुकोज आणि अर्धी मिशी

प्रिय खडू,

एखाद्या माणसाची अर्धी मिशी चुकून कापली गेली, तर दोष कोणाचा धरायचा? कापणाऱ्याचा, टीव्हीवर कात्री नाचवणाऱ्याचा, की ग्लुकोजचा? मला याचं उत्तर येत नाही. सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, तरी येत नाही. तू शिकवणारा माणूस आहेस आणि या प्रकरणात थोडा आरोपीही आहेस, म्हणून तुलाच विचारते. घाबरू नकोस, कोणी तक्रार केलेली नाही. ज्यांची मिशी गेली ते तुझ्याबद्दल अजूनही आदराने बोलतात. पण हे नीट कळायचं तर मला सुरुवातीपासून सांगावं लागेल, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस. पत्राचा हा एक मोठा फायदा आहे.

तुझा निरोप येऊन बरेच दिवस झाले. त्यात तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. त्या मी विसरलेले नाही, त्यांच्याकडे येतेच. पण तो निरोप आला तेव्हा मी पेशीच्या आत अडकले होते. आमच्या इथल्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा निघाली, मी अर्ज केला, आणि मुख्याध्यापकांनी कळवलं की मुलाखतीबरोबर वर्गात एक पाठ घेऊन दाखवावा लागेल. विषय : पेशीश्वसन. आता तुला माहीत आहे, मी रसायनशास्त्राची. जीवशास्त्राशी माझं नातं पहिल्या वर्षाच्या बेडकापाशी संपलं, आणि त्या बेडकालाही ते फारसं आवडलं नव्हतं. श्वसन म्हटलं की माझी धाव नाकापासून फुप्फुसापर्यंत. त्याच्या पुढे, प्रत्येक पेशीत, काहीतरी चालतं एवढं ठाऊक होतं. काय चालतं ते नाही. विचारायचं तरी कोणाला? घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे आमच्याकडे सगळे मलाच विचारतात. मिक्सर बिघडला तरी आई म्हणते, “तू सायन्सची ना, बघ की जरा.”

मग मी ऑनलाइन व्याख्यानं शोधायला लागले. खरंच सांगते, मी तुला शोधत नव्हते. आधी एका सरांचं पाहिलं, ते पुस्तक समोर धरून वाचत होते आणि मध्येच पान उलटायला थांबत होते. दुसऱ्या एक बाई सतत फळ्याकडे तोंड करून बोलत होत्या. त्यांची वेणी मला पाठ झाली, विषय नाही. तिसरं लावलं तर तू. डोक्यावर कागदाचा मुकुट, हातात दोरीला बांधलेले सहा फुगे, आणि तू म्हणतोयस, “नमस्कार, मी ग्लुकोज. मला मोडल्याशिवाय तुम्हाला जिना चढता येणार नाही.” मी ताबडतोब बंद केलं. मग पुन्हा लावलं. कॉलेजच्या पायऱ्यांवरचं आपलं भांडण तुला आठवत असेलच. मी म्हटलं होतं, हे शिकवणं नव्हे, ही सर्कस आहे; समोर एकही चेहरा नसताना कोणी शिकवू शकतं का? आणि तू म्हणाला होतास, “सर्कशीत लोक निदान जागे तरी असतात.” त्यानंतर तू त्या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत गेलास आणि मी गेले नाही. असो. तर मी पुन्हा लावलं, कारण त्या सगळ्यांत ग्लुकोजचं पुढे काय होतं हे जाणून घ्यावंसं फक्त तुझ्यामुळे वाटलं.

आता अडचण अशी, की घरी रेंज येत नाही, माझ्या फोनची काच इतकी तडकलेली आहे की त्यात प्रत्येक माणूस कोळ्याच्या जाळ्यात सापडल्यासारखा दिसतो, आणि चांगला वायफाय आहे तो फक्त बाबांच्या सलूनमध्ये. तू आमचं दुकान पाहिलेलं नाहीस. लांबट खोली आहे. समोरच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, आरशापुढे दोन खुर्च्या, बाजूच्या भिंतीला गिऱ्हाइकांचा बाक, आणि खुर्च्यांच्या मागे उंचावर टीव्ही. टीव्ही मागे लावण्यात बाबांचा हिशेब आहे. समोर उंचावर लावला तर खुर्चीतलं गिऱ्हाईक मान वर करतं आणि मानेवरचे केस चुकतात. मागे लावला तर ते आरशात बघत सरळ बसतं. इतकी वर्षं त्यावर कुस्त्या चालायच्या. कुस्ती आरशात उलटी दिसली म्हणून काही बिघडत नाही, पडणारा पडतोच.

बाबांचा दुसरा नियम म्हणजे घरच्यांनी बाकावर बसायचं नाही. बाक गिऱ्हाइकाचा. म्हणून मी बसायचे दुसऱ्या खुर्चीत, जिचा पंप बिघडलेला आहे. त्या खुर्चीत बसलं की माणूस हळूहळू खाली जातो. व्याख्यान सुरू होताना मला आरशात माझा चेहरा दिसायचा, आणि संपताना फक्त भांग. आई धुतलेले टॉवेल घेऊन यायची आणि म्हणायची, “अगं, पोरगी कुठे गेली?” दुकान दुपारी रिकामं असतं, तेव्हा अर्धा तास टीव्ही मला मिळेल, असं बाबांनी कबूल केलं होतं. “पण आवाज कमी,” ते म्हणाले, “लोक इथे डोकं हलकं करायला येतात.”

पहिल्या दिवशी बाकावर फक्त पोस्टमनकाका होते. ते निवृत्त आहेत आणि त्यांना केस जवळजवळ नाहीत, पण पेपर वाचायला रोज येतात. तू फुग्यांची ओळख करून दिलीस, हा कार्बन, हाही कार्बन, आणि काकांनी पेपर खाली केला. दुसऱ्या दिवशी आमचा वायरमन दाढी करायला आला, तोही थांबला. चौथ्या दिवसापर्यंत दुपारचं दुकान भरलं. कोणी केस कापायला येत नव्हतं, आणि कोणी उठत तर मुळीच नव्हतं. बाबा आधी वैतागले. “हे काय, तासाभरापूर्वी दाढी झाली ना तुमची?” असं त्यांनी वायरमनला विचारलं, तर तो म्हणाला, “थांबा हो, पायरुविक दारात उभं आहे, आत घेतात का नाही बघू द्या.” तू त्या दिवशी पायरुविक आम्लाला, म्हणजे ग्लुकोजच्या अर्ध्या तुकड्याला, मायटोकॉन्ड्रियाच्या दाराशी उभं करून व्याख्यान संपवलंस. असं करत जाऊ नकोस. इथे माणसं रात्रभर अस्वस्थ असतात.

प्रश्न मात्र मला विचारायचे. तू तर टीव्हीत, तुला काय कळणार? माणूस बारीक झाला की त्याची चरबी जाते कुठे, असं पोस्टमनकाकांनी विचारलं. मी तुझीच आधीची दोन व्याख्यानं पुन्हा पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की तिचं पाणी आणि वायू होतो, आणि बराचसा भाग श्वासातून बाहेर जातो. मग वायरमन हळूच म्हणाला, “म्हणजे आत्ता इथे बसून आपण एकमेकांची पोटं हुंगतोय?” बाबांनी जाऊन खिडकी उघडली. तेव्हापासून कोणी बारीक झालेलं गिऱ्हाईक आलं, की बाकावरची माणसं त्याच्यापासून थोडी सरकून बसतात.

बाक आणि खुर्ची यांच्यात भांडणंही सुरू झाली. पायरुविक आत गेल्यावर सुरू होणारं ते क्रेब चक्र तू गोल काढलंस, त्यावर बाण फिरवलेस, त्या दिवशी पोस्टमनकाका म्हणाले चाक उजवीकडे फिरतं, आणि खुर्चीतून वायरमन म्हणाला डावीकडे. दोघेही हट्टाला पेटले. “मी आयुष्यभर पत्ते वाचले, मला डावं-उजवं शिकवू नकोस.” “आणि मी तारा जोडतो काका, माझं डावं-उजवं चुकलं तर तुमच्या घराला आग लागेल.” शेवटी दोघांनी मला पंच नेमलं. मी माझ्या बुडत्या खुर्चीतून वर पाहिलं आणि निकाल दिला, की वायरमनचं बरोबर. काका त्या दिवशी पेपर न वाचताच निघून गेले. हा निकाल लक्षात ठेव, मला तो पुढे फार महागात पडला.

आता मिशी. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक बाबांचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांची मिशी सगळ्यांना माहीत होती. भरघोस, टोकांना किंचित वर गेलेली. वर्गात मुलं दंगा करत असली, तर ते काही बोलत नसत, दारात उभं राहून मिशीवर नुसतं बोट फिरवत; तेवढं पुरायचं. त्या दुपारी ते खुर्चीत होते. बाबा मिशीची टोकं सारखी करत होते, बारीक कात्रीने, श्वास रोखून. आणि मागे टीव्हीवर तू, पुढच्या भागाआधी सुरुवातीपासून उजळणी घेताना, पुठ्ठ्याची भलीमोठी कात्री उघडलीस. सहा फुग्यांची दोरी ताणून धरलीस आणि म्हणालास, “आता बरोब्बर मध्ये. तिघे इकडे, तिघे तिकडे. तयार? एक, दोन...” बाबा आरशात तुझ्याकडेच बघत होते. ज्या माणसाचं सगळं आयुष्य कात्री चालवण्यात गेलं, त्याच्यासमोर दुसऱ्याने कात्री उघडून आकडे मोजले, तर हात काय करणार? तू तीन म्हणालास आणि दोन कात्र्या एकदमच मिटल्या.

टीव्हीत तू टाळ्या वाजवत होतास. मिशीचा डावा भाग मुख्याध्यापकांच्या मांडीवरच्या कापडावर पडला होता, त्याचं टोक अजूनही किंचित वर. बाबांनी तो उचलून पुन्हा जागेवर धरून पाहिला. मी त्यांना तसं कधीच पाहिलेलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी आरशात बराच वेळ स्वतःला पाहिलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी इतकंच म्हणाले, “आता तिकडचीही काढा.” दुसरी बाजू काढून झाली. ते उठले, रुमाल वरच्या ओठावर धरला आणि निघून गेले. मी बोटांवर दिवस मोजायला लागले, कारण तीन आठवड्यांवर माझा पाठ होता आणि समोर बसून गुण देणारे हेच होते. पोस्टमनकाकांनी नंतर माहिती आणली, की त्यांच्या बायकोने दार उघडून त्यांना विचारलं, “कोण पाहिजे आपल्याला?”

बाबांनी त्याच संध्याकाळी टीव्हीची वायर काढली. “बस झालं. आजपासून दुकानात फक्त केस.” त्यांचा हात आजवर कधी चुकला नव्हता, आणि चुकला तो माझ्या अभ्यासापायी. पण माझं शिकणं नेमकं जिथे सगळ्यात जास्त ऊर्जा निघते तिथे थांबलं, इलेक्ट्रॉनच्या साखळीपाशी. घरी फोनवर लावून पाहिलं. कोळ्याच्या जाळ्यात तू, आणि तोही गोल गोल फिरणारा. गिऱ्हाइकांनी तर असहकारच पुकारला. दुपारी येऊन बाकावर ओळीने बसायचे आणि बंद टीव्हीकडे बघत राहायचे. वायरमन म्हणाला, “मी फुकट जोडून देतो वायर.” काका म्हणाले, “इलेक्ट्रॉन वाटेत सोडून आलोय आम्ही, हे काही बरं नाही.” बाबा ऐकेनात. शेवटी आई टॉवेल ठेवायला आली, सगळ्यांकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाली, “मिशी काय, येईल परत. हिची मुलाखत येणार आहे का परत?” मग स्वतः स्टुलावर चढली आणि वायर लावली. ती चढली कारण बाबा चढले नसते, आणि तिने खाली उतरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो तोल सांभाळण्यासाठी, असं ती म्हणते.

बाबांनी मग नवा नियम केला. ग्लुकोज चालू असताना लोखंड हातात घ्यायचं नाही. त्या अर्ध्या तासात फक्त डोक्याची मालिश. आमच्या दुकानात लोक आता पेशीश्वसन डोळे अर्धे मिटून, तेल जिरवत शिकतात, आणि तुला सांगते, कॉलेजात असं कोणी शिकवलं असतं तर मी जीवशास्त्रच घेतलं असतं. पहिल्याच दिवशी दारात मुख्याध्यापक उभे. तुळतुळीत. बाबा गडबडून उभे राहिले. ते खुर्चीत बसले, डोकं मागे टेकलं आणि म्हणाले, “लावा ते. दोन तुकडे झाल्यावर पुढे काय झालं, मला कळलंच नाही त्या दिवशी.” त्यांच्यासाठी ती उजळणी चक्रासकट पुन्हा लावली, आणि त्यानंतर ते रोज आले. माझ्याशी मात्र एक शब्द बोलले नाहीत. मुलाखत जवळ आलेली, त्यामुळे बोलणं योग्य नाही असं त्यांना वाटत असावं. मला मात्र वाटायचं की त्यांच्या डोळ्यांसमोर माझं नाव आलं की बरोबर मिशीही येत असणार.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ती तुला सांगायची म्हणूनही हे पत्र इतकं लांबलंय. मी आरशासमोर बसते, त्यामुळे मला तू दिसतोस आणि तुझ्यासमोर बसलेली सगळी माणसंही दिसतात. तुला त्यांतलं कोणीच दिसत नाही. फुगे फुटले की ते हसतात, हे तुला कल्पनेने माहीत असेल. पण तू इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्यांची लांबलचक नावं भराभर म्हणून टाकलीस तेव्हा सगळे एकदम जमिनीकडे बघायला लागले, हे तुला माहीत नाही. आणि शेवटी ऑक्सिजन येऊन ते इलेक्ट्रॉन घेतो, त्याचं पाणी होतं, म्हणजे आपण जो श्वास घेतो तो मुळात या शेवटच्या कामासाठी, हे तू आवाज खाली आणून, मुकुट काढून ठेवून, अगदी साधेपणाने सांगितलंस, तेव्हा बाबांचे हात मालिश करता करता थांबले. त्यांनी एक खोल श्वास घेतला. मग पोस्टमनकाकांनी घेतला. मग ओळीने सगळ्यांनी. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. खडू, चेहऱ्यांशिवाय शिकवता येतं हे मी मान्य करते. पण तो क्षण तुला दिसला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

पाठाच्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर मुख्याध्यापक आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. बाई गंभीर, चष्मा साखळीला लावलेला. मी मुकुट घातला नाही, पण फुगे नेले होते. ग्लुकोज मोडलं, पायरुविक दारातून आत नेलं, मुलं रंगली. मग मी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि भराभर बाण काढत गेले. मागून बाईंचा आवाज आला, “थांबा. हे चक्र तुम्ही उलटं काढलंय.” मी फळ्याकडे पाहिलं. मला ते अगदी बरोबर दिसत होतं. बाई म्हणाल्या, “कुठल्याही पुस्तकात बघा, बाण उजवीकडे फिरतात.” आणि मुख्याध्यापक एकदम म्हणाले, “नाही नाही, बरोबर आहे त्यांचं. डावीकडेच फिरतं. मी स्वतः पाहिलंय.” बाईंनी विचारलं, “कुठे पाहिलंत?” मुख्याध्यापकांनी तोंड उघडलं, मग त्यांचं बोट आपोआप वरच्या ओठावर गेलं, पण तिथे काहीच नव्हतं.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. आरसा! मी, वायरमन, मुख्याध्यापक, खुर्चीत बसलेले आम्ही सगळे ते चक्र आरशात शिकलो होतो. लहानपणापासून त्या दुकानात वाढल्यामुळे आरशातली उलटी अक्षरं मी सवयीने मनात सुलटी करून वाचते, मला त्याचं भानही नसतं. पण बाणाला कोण सुलटं करणार? तो आपला जसा दिसला तसा डोक्यात जाऊन बसला. आता मला हे पुसून, “घाईत चुकलं” म्हणून निसटता आलं असतं. मुलं चाळीसएक, सगळी माझ्याकडे बघतायत. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून विचारलंसुद्धा, “बाई, चाक उलटं फिरलं तर माणूस श्वास उलटा घेईल का?” तिच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती.

मी खडू खाली ठेवला आणि सांगून टाकलं. की माझे बाबा केस कापतात, त्यांच्या दुकानात टीव्ही खुर्चीच्या मागे आहे, आणि मी हे सगळं आरशात बघून शिकले. मुलं हसली, मीही हसले. मग मी त्यांना वहीच्या कागदावर चक्र काढायला सांगितलं, बाण पुस्तकातल्यासारखे उजवीकडे. आता कागद उचला, खिडकीच्या उजेडाला धरा आणि मागच्या बाजूने बघा. फिरलं की नाही डावीकडे? पण कोणानंतर कोण येतं, ते बदललं का? सगळ्यांनी बोटाने मोजून पाहिलं. नाही बदललं. मी म्हटलं, पेशीला घड्याळ माहीत नसतं. डावं-उजवं आपल्या फळ्यावर असतं. आत असतो तो फक्त क्रम. त्या पहिल्या रांगेतल्या मुलीने निश्चिंत होऊन एक श्वास घेतला, सरळच घेतला, आणि शेजारणीला म्हणाली, “बघ, चालतंय.” परीक्षक बाई स्वतः एक कागद खिडकीला धरून उभ्या होत्या. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, चष्मा काढला आणि पुढचा पाठ बसून ऐकला.

जागा मला मिळाली. हे सांगायला मुख्याध्यापक दुकानातच आले. खुर्चीत बसले, आणि आधी बाबांना म्हणाले, “मिशी आता पुन्हा ठेवायची नाही, असं घरून सांगणं आहे. दहा वर्षांनी तरुण दिसतो म्हणे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही सोमवारपासून या. पुस्तकात बघून या.” बाबांनी त्यांच्या मानेवर पावडर इतकी टाकली की दुकानात धुकं झालं. पोस्टमनकाकांकडे जाऊन मी माझा निकाल फिरवला, चाक उजवीकडे. ते म्हणाले, “मला कोणी सांगायची गरज नव्हती,” आणि मग वायरमनला सांगायला जवळजवळ पळत गेले.

आता तुझ्या दोन गोष्टी. कंपनीला विज्ञानासाठी तुझ्याबरोबर शिकवणारी हवी आहे, तू माझं नाव सुचवलंस, पगार घसघशीत आहे, मी येईन का, ही पहिली. मी आज सकाळी त्यांना थेट कळवलं, की नाही. तुझ्या सर्कशीवर माझा आता राग उरलेला नाही; उलट तिचं तिकीट मी रोज काढते. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावरची काळजी गेलेली मी डोळ्यांनी पाहिली, आणि मला तेच काम हवं आहे. तू लांबच्या हजारोंना जागं ठेव, मी जवळच्या चाळिसांकडे बघते. दुसरी गोष्ट तू निरोपाच्या अगदी शेवटी लिहिली होतीस, सहज लिहिल्यासारखी : आपल्यात अजून काही उरलंय का? याच्यासाठी मी काल दुपारी दुकान रिकामं असताना बाबांना आणि आईला सांगितलं, की तो टीव्हीतला मुलगा मला कॉलेजपासून माहीत आहे, नुसता माहीत नाही, आणि मला त्याच्याशीच लग्न करायचं आहे. बाबा टीव्हीकडे बघत राहिले, जणू तो बंद असताना तू ऐकत असशील. मग म्हणाले, “हा प्रत्यक्षातही एवढा बोलतो का?” मी म्हटलं, माझ्यापुढे नाही बोलत. आईने एवढंच विचारलं, की तो येईल कधी. तुला विचारायला वेळ होता, पण मी विचारलं नाही. रविवारी दुपारी येतोय, असं मी तिला सांगून टाकलंय, आणि तिने तेवढ्यात शेजारीपाजारीही सांगितलंय.

तुझीच,
हरकतबाई
(हे नाव तूच ठेवलंयस, रविवारी घरात सगळ्यांसमोर हाक मारताना दुसरं शोध.)